चौथे मिनिट

निमोणे गावातल्या एका घरातून दर महिन्याला येणाऱ्या ध्वनिमुद्रणात चौथ्या मिनिटाला बैलाची घुंगरमाळ वाजते. त्या घरात बैल नाही.

ही ध्वनिमुद्रणे महेंद्र सर करत. दौंडच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतले जे जवान सीमेवर होते, त्यांच्या घरातले दहा मिनिटांचे आवाज टिपून त्यांना पाठवायचे, हे काम त्यांनी आणखी सहा जणांसह आपणहून अंगावर घेतले होते. वेळ जवानाने सांगायची. कोणी बोलायचे नाही. यंत्र खिडकीत ठेवून टिपणाऱ्याने घराबाहेर जायचे. घरात जे वाजेल तेच पाठवायचे, पदरचे काही घालायचे नाही. हा शेवटचा नियम सरांचाच.

निमोण्याच्या दत्ताने दुपारचे चार सांगितले होते. त्याची चौकी बर्फात होती. पाठवण्यापूर्वी सर एकदा डोळे मिटून ऐकत, तेव्हा ते घर पाण्यातून हळूहळू वर यावे तसे दिसू लागे. हंड्यात पडणारी धार. पत्र्यावर चिमणीची पावले. लांब कोठेतरी एक ट्रॅक्टर, जो कधीच जवळ येत नसे. आणि मग माळ.

सरांनी तक्ता केला होता. मार्चमध्ये माळेचे दोन झटके, एप्रिलमध्ये चार, मे महिन्यात सात. दत्ताचा बैल पाखऱ्या फेब्रुवारीतच मेला होता आणि रिकामी दावण सरांनी स्वतः पाहिली होती. शेजाऱ्यांचा बैल चारशे पावलांवर, शिवाय वारा उलट्या दिशेचा. यंत्र दुसऱ्या घरी ठेवून पाहिले, तेथे माळ वाजली नाही. झटक्यांमधले अंतरही जवळजवळ सारखे होते, आणि माश्या हाकणारा बैल ताल सांभाळत नाही. कारणाचा रकाना कोराच होता.

जूनमध्ये सर पुन्हा गेले. दत्ताची बायको पिंकी यंत्राकडे पाहून म्हणाली, "सर, लिंबाखालीच बसा हां. मागं तुमचं खोकणं गेलं त्यात. हे म्हनले, आपल्यात कुणी नवं पाव्हणं राह्यला आलंय का?"

सर हसले आणि बाहेर पडले. लिंबाखाली मात्र बसले नाहीत. घराला वळसा घालून ते गोठ्यात गेले आणि कडब्याच्या मागे उभे राहिले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे बारीक दोर खाली लोंबत होते. त्यांत धूळ चढत होती, उतरत होती. घड्याळ चालू होते, पण वेळ कोठे जात असल्यासारखे वाटत नव्हते.

मागच्या दारातून दत्ताची आई धुरपदाबाई आल्या. जानेवारीत उजव्या अंगावरून वारे गेल्यापासून त्या भिंतीच्या आधाराने चालत. पदरात गुंडाळलेली माळ त्यांनी गव्हाणीत ठेवली. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून तिच्याभोवती मिटवली. मग डोळे मिटून हात उचलला. माळ वाजली. हात खाली आला, थांबला, पुन्हा वर गेला.

मोजायचे सर विसरले. तसे ते सहसा विसरत नसत.

दहा मिनिटे संपल्यावर ते पुढे झाले. "धुरपदाबाई, हा बैल नव्हे."

"मला ठावं हाय की, सर. पंधरा वरसं मीच चारलाय त्याला."

"दत्ताला कळवलं नाही?"

"त्यो तिकडं बरफात उभा. पाखऱ्या गेला म्हनल्यावर घास तरी उतरंल का त्याला? आल्यावर सांगू तोंडानं."

"पण हे खोटं आहे. मला ते काढून टाकावं लागेल."

"काढा. यंत्र तुमचं हाय." त्यांनी माळ पुन्हा पदरात गुंडाळली. "मंग त्याला म्हनावं, आई नुसती भांडी आपटती."

दौंडला परतल्यावर सरांनी चाळीस सेकंद कापले, दोन्ही टोके जोडली आणि उरलेले पाठवून दिले. जोड कळत नव्हता.

पाच दिवसांनी दत्ताचा निरोप आला. आवाजात वारा होता.

"सर, नमस्कार. ह्या बारीला चौथं मिनिट गळालंय. पाखऱ्या गेला ते मला पिंकीनं तवाच सांगितलंय. आईला बोलू नका, तिला वाटतंय मला ठावं न्हाई. सर, आईला कवा बी इचारा, बरी हाय म्हनती. पिंकी बी तेच म्हनती, मला घोर नको म्हनून. पन ती माळ दीड किलोची हाय, आन् आई ती उजव्याच हातानं हलवती, येवढं मी पिंकीकडनं काढून घेतलंय. मार्चला दोन झटकं हुतं. मे मंदी सात. कमी झालं तर रजा टाकून निघायचं, असं मी ठरवलंय. ह्या बारीला किती हुतं, सर?"

कापलेला तुकडा यंत्रात अजून होता. सरांनी तो लावला आणि डोळे मिटले. गोठा पाण्यातून वर आला, उन्हाच्या दोरांसकट. त्यांनी तीनदा मोजले. तिन्ही वेळा अकरा.

त्यांनी आकडा कळवला आणि तुकडाही पाठवला. मग तक्ता पुढे ओढून जूनसमोर अकरा मांडले, आणि कोऱ्या रकान्यात चारही महिन्यांसमोर एकच कारण लिहिले: धुरपदाबाईंचा उजवा हात.