साठ प्रश्न

परीक्षा सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती आणि निशाचा पस्तिसावा प्रश्न चालू होता, तेव्हा बाहेरून सासऱ्यांची पहिली हाक आली.

"निशा..."

तिने मान वळवली नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणीतरी अनोळखी माणूस तिच्यावर नजर ठेवून होता. कुठे बसला होता कोण जाणे. सुरुवातीलाच त्याने कॅमेरा फिरवून अख्खी खोली दाखवायला लावली होती, पलंगाखालीसुद्धा. बोलायचं नाही, जागेवरून उठायचं नाही, खोलीत दुसरं कोणी येता कामा नये. यातलं काहीही झालं तर परीक्षा तिथल्या तिथे रद्द.

सकाळी कमलेश कामावर आणि सान्वी शाळेत गेल्यावर तिने सासऱ्यांना दोनदा बजावलं होतं. "बाबा, बारा वाजेपर्यंत मला हाक मारायची नाही हां. परीक्षा आहे माझी." भिवाबाबांनी मान डोलावली होती. त्यांच्या खुर्चीपाशी पाण्याचा तांब्या, बिस्किटं, गोळ्या असं सगळं ठेवून तिने आतून कडी लावली होती. पण सासूबाई गेल्यापासून बाबांच्या डोक्यात सकाळचं दुपारपर्यंत टिकत नव्हतं.

आठ महिने ती याच खोलीत, याच खुर्चीत बसून शिकत होती. कंपन्यांची रोजची कामं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याची डेव्हलपर व्हायचं होतं तिला. सान्वीच्या वेळी नोकरी सोडली, त्याला नऊ वर्षं झाली होती. आधी जावास्क्रिप्ट पहिल्यापासून गिरवली. मग माहितीची टेबलं, फॉर्म, कोणाला काय दिसावं आणि कोणाला काय दिसू नये याचे नियम. सरावासाठी तिने एक खोटी कंपनी उभी केली होती. अर्ज करणारी तीच, मंजुरी देणारा साहेब तीच आणि 'अजून काम का झालं नाही' म्हणून भांडणारीही तीच. तोंडातून शब्द न काढता ती दिवसदिवस या तिघांचं काम करायची. कमलेश जेवताना विचारायचा, "झालं का तुझं ते?" ती म्हणायची, "होतंय." त्यापलीकडे घरात या विषयावर बोलणं झालं नव्हतं. सोमवारी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मुलाखत होती. येताना सर्टिफिकेट घेऊनच या, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

"निशा! अगो निशा!"

आता आवाज चढला होता. मिठागरावर हयात गेलेला माणूस. या बांधावरून त्या बांधावर पोचेल अशीच हाक मारायचा. कोलशेतच्या या सातव्या मजल्यावर ती भिंतींवर आपटून परत येत होती.

निशाने छत्तिसावा प्रश्न सोडवला. सदतिसावा सोडवला. अडतिसाव्याला चार पर्याय होते आणि चारही तिला सारखेच दिसायला लागले.

मग बाबांनी सासूबाईंना हाक मारली.

"कमळे! कमळे, कयां हायस गो?"

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

एक भांडं फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं. निशाचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, मान दाराकडे वळली. लगेच स्क्रीनवर ओळ उमटली. कृपया स्क्रीनकडे पाहा. ही शेवटची सूचना.

तिने पाहिलं. फक्त भांडंच पडलंय, तिने स्वतःला सांगितलं. माणूस पडल्याचा आवाज वेगळा असतो. तो आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता.

त्यानंतर हाक आली नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. निशा बसून राहिली. उरलेले तेवीस प्रश्न तिने कसे सोडवले, ते तिला नंतर सांगता आलं नसतं.

शेवटचं बटण दाबलं आणि निकाल आला. पास. तो नीट वाचायलाही ती थांबली नाही. तिने कडी काढली.

बाबा दाराशेजारीच भिंतीला पाठ टेकून खाली बसले होते. पाय समोर पसरलेले. तांब्या लांब गेला होता आणि पाणी त्यांच्या लुंगीत मुरलं होतं.

"बाबा! पडलात का? कुठे लागलं?"

"नाय गो. बसलू." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मना वाटला, घरान कोनूच नाय."

"आतच होते मी, बाबा."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ती तशीच त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली. मग तिने सांगून टाकलं, "पास झाले मी."

"कशान?"

आठ महिन्यांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"कंपनीत हजारो माणसं असतात ना, बाबा. कोणाला काही पाहिजे असलं, कोणाचं काही अडलं, की त्याने कळवायचं. मग ते बरोबर त्या-त्या माणसाकडे जातं. त्याने नाही बघितलं, तर त्याच्या वरच्याकडे जातं. कोणाचंच नुसतं पडून राहता कामा नये. तशी सोय करायचं काम आहे."

निशाने त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"बेस हाय," ते म्हणाले. "म्हंजे हाक मारली का कोनतरी येतंय."