नवा पंखा

कॉम्प्युटरचा पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरायचा, म्हणून रविवारी जेवणं उरकल्यावर मी नवा पंखा बसवायला घेतला. चिंचोळ्या खोक्यात हात घातला तर काही दिसेना, बघायला वाकले तर हात शिरेना. दोन बोटं सोलवटली. शेवटचा स्क्रू वायरींच्या गुंत्यात गडप झाला. आईने शिवणाच्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आत सोडलं आणि मासा धरावा तसा तो वर काढला. शेजारच्या पलंगावर बाबा कूस बदलत विचारत होते, "झालं का गं?" एकदाचं बटण दाबलं. स्क्रीन उजळला, आवाज मात्र औषधालाही नाही! आम्ही मायलेकींनी टाळी दिली. "आता झोपा निवांत," मी म्हणाले. बाबा उठूनच बसले. "अगं, मग सुरू कर ना! त्या घरघरीशिवाय माझा डोळा लागतो का कधी?" आईने जुना पंखा माझ्या हातात दिला आणि चुंबकाला पुन्हा दोरा बांधला.