मुका कीबोर्ड

तिने पुन्हा बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला आणि पांढरी चौकट पुन्हा तिथेच येऊन अडली: पासवर्ड टाका. तिने कीबोर्डवर बोटं आपटली. चौकटीत एक ठिपका उमटेल तर शपथ.

“काकू, मुलाला फोन करा ना,” शेजारीण म्हणाली. “त्याला यातलं सगळं कळतं.”

“त्याला? मेले तरी नाही. काल येऊन एवढं गोड बोलून गेला, तेच पुरे झालं.”

थोड्याच वेळात कोर्टाची सुनावणी होती आणि अर्ज त्याच मुलाने केला होता. आईचं वय झालं, ती विसरते, गोंधळते, तिला एकटीला काही झेपत नाही. तेव्हा तिच्या घराचा आणि बँकेचा कारभार माझ्या हाती द्यावा. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून न्यायाधीशबाईंनी तिला घरून, कॉम्प्युटरवरून बोलायची परवानगी दिली होती. ती दिसलीच नाही, तर मुलाचं म्हणणं आयतं खरं ठरणार होतं.

“मग माझ्या मोबाइलवरून लावू या.”

“म्हणजे तो म्हणायला मोकळा, बघा, हिला स्वतःचा कॉम्प्युटरही सुरू करता येत नाही!”

आयुष्यभर तिने याच टेबलाशी बसून छापखान्यांचा मजकूर टाइप केला होता. त्या टाइपिंगवर मुलगा इंजिनियर झाला होता.

तिने वायर काढून शेजारच्या खाचेत घातली, मग मागच्या. कीबोर्डवरचा दिवा लागेना. शेजारणीने पळत जाऊन स्वतःच्या घरचा कीबोर्ड आणला. तोही मुका.

“म्हणजे कीबोर्ड धडधाकट आहे,” ती शेजारणीला म्हणाली. “या ठोंब्यालाच तो दिसत नाहीये.”

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याला संध्याकाळशिवाय सवड नव्हती. “जुना, गोल पिनेचा कीबोर्ड असेल तर तो लावून बघा,” तो म्हणाला. “सुरू होताना डिलीट दाबत राहा आणि सेटिंगमध्ये यूएसबीची ओळ शोधा.”

जुना कीबोर्ड पलंगाखालच्या खोक्यात निघाला. कॉम्प्युटर बंद करून तिने तो जोडला. त्याची निम्मी अक्षरं मेलेली होती, त्यामुळे पासवर्ड काही पुरा होईना. पण डिलीट चालत होतं, बाण चालत होते. तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि डिलीट दाबतच राहिली. निळा पडदा आला. ती एकेक ओळ उतरत गेली आणि थांबली. सुरू होतानाचा यूएसबी कीबोर्ड: बंद.

“हे असं आपोआप कसं झालं?” तिने विचारलं.

“म्हातारे झाले की असंच करतात हो कॉम्प्युटर.”

“म्हातारं झालं म्हणून काही आपोआप बंद पडत नाही,” ती फणकारली. तिने बंदचं चालू केलं आणि एंटर दाबलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर तिने आपला रोजचा कीबोर्ड जोडून पासवर्ड टाकला. ठिपके भराभर उमटले. शेजारणीने टाळीच वाजवली. तिने तिला बाहेर पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

सुनावणी सुरू झाली. एका चौकोनात न्यायाधीशबाई, दुसऱ्यात मुलगा आणि त्याचा वकील. आईचा चेहरा दिसताच मुलगा खुर्चीत पुढे सरकला.

“आजी, खोलीत एकट्याच आहात ना?” बाईंनी विचारलं. “खाली लिहायची जागा आहे. तिथे तुमचं पूर्ण नाव आणि आजचा वार लिहून पाठवाल?”

तिने खाली न बघता टकाटक टाइप केलं. नाव गेलं, वार गेला. मग न विचारता तिने आणखी एक ओळ पाठवली: ‘पाय मोडलाय, डोकं शाबूत आहे.’

बाईंना हसू आलं.

“मॅडम, हे दुसरंच कोणीतरी टाइप करतंय!” मुलगा ओरडला. “ती कसं करेल? तिचा कीबोर्ड तर चालूच होत नाही!”

वकिलाने घाईने त्याच्या दंडावर हात ठेवला. आईने कीबोर्डवरून बोटं उचलली आणि पडद्यावरच्या मुलाकडे बघत राहिली.

न्यायाधीशबाईंचं हसू मावळलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”