पुलीच बसवा

“पुलीच बसवा,” बायको म्हणाली, आणि गॅरेजवाल्यासमोर नवऱ्याच्या कपाळावर आठी चढली.

सुपरचार्जरची गाडी दारात येऊन थोडेच दिवस झाले होते. इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारं ते यंत्र आपणच शोधून काढलंय, अशा थाटात तो ऑफिसात बोलत असे. मेहुण्याच्या गाडीला तो सायकल म्हणे, शेजाऱ्याच्या गाडीला डबा. पायी चालणाऱ्यांची तर तो दखलच घेत नसे. आता गाडीत पहिला बदल करायचा होता. सुपरचार्जरची पुली बदलायची, की एक्झॉस्टला हेडर बसवायचे, यावर गाडी अडली होती.

गॅरेजवाल्याने हात पुसत पुन्हा एकदा समजावलं. “पुली लहान केली की सुपरचार्जर जोरात फिरतो, जास्त हवा ढकलतो. ताकद लगेच जाणवते. हेडर म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर काढणारे मोकळे पाइप. त्यानंही ताकद वाढते, पण त्याच्यापेक्षा आवाज वाढतो. पहिला बदल म्हणाल तर बहुतेक लोक पुलीच करतात.”

“किती आवाज?” बायकोने विचारलं.

“साहेब चौकात वळले की तुम्ही घरी चहाचं आधण ठेवायला हरकत नाही, वहिनी.”

“नको बाई. पुलीच बसवा. काय असेल ते आतल्या आत राहील. तुम्ही आलात हे गावभर कशाला कळायला हवं?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तो एक नियम पाळत आला होता. बायको जे सुचवेल ते बाजूला ठेवायचं आणि मग विचार सुरू करायचा. तिला निळा रंग आवडला, म्हणून घराच्या भिंती पिवळ्या झाल्या. तिने सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला बघा म्हटलं, म्हणून घर सगळ्यात वरच्या मजल्यावर घेतलं. लिफ्ट नव्हती. पण गुडघे आईचे होते आणि गच्चीलगतची हवा त्याची, त्यामुळे त्याच्या हिशेबात सौदा फायद्याचाच होता.

“डोकं वापर जरा, डोकं,” तो म्हणाला. “आत एवढी हवा कोंबायची आणि तिला बाहेर पडायला वाट नको? आधी वाट मोकळी करायची, मग कोंबायचं. हेडर बसवा हो.”

हा युक्तिवाद क्षणापूर्वी त्याच्या डोक्यात नव्हता. पण तो चुकीचाही नव्हता, आणि गिऱ्हाइकाला खोटं पाडणं गॅरेजवाल्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याने मान हलवली. बायको पर्सची चेन उघडबंद करत खाली बघत राहिली. ती इतकी पडलेली दिसत होती, की परतताना तिच्याशी दोन शब्द बरे बोलावेत असं त्याला वाटून गेलं. घर येईपर्यंत ते टळलं.

हेडर बसले. गाडी गुरगुरू लागली. गल्लीतले लोक खिडक्या लावून घेऊ लागले. जळतात, असा त्याने अर्थ लावला. आणि घरात तर चमत्कारच झाला. पूर्वी तो दार उघडायचा तेव्हा टीव्ही चालू असायचा, चपला इकडेतिकडे पडलेल्या असायच्या, मुलगी सोफ्यावर पाय पसरून लोळत असायची. जेवणापर्यंत पुरेल एवढं बोलायला त्याला मिळायचं. आता बेल वाजवायच्या आत दार उघडे. चपला ओळीत, टीव्ही मुका, मुलीचं डोकं पुस्तकात, आई आपल्या खोलीत, आणि बायकोच्या हातात पाण्याचा ग्लास.

“घराला शिस्त लागली,” तो ऑफिसात सांगू लागला. “माणसाचा दरारा पाहिजे.”

एका संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये ठेवावी लागली. तापून तापून हेडरचे बोल्ट सैल झाले होते, जोडावरचं पॅकिंगही बदलायचं होतं. घरी कळवायची त्याला सवय नव्हती. तो पायी निघाला, वाटेत भेटलेल्या प्रत्येक जुन्या गाडीकडे तुच्छतेने बघत.

जिना चढायला लागला तेव्हा वरून हसण्याचा आवाज आला. खदाखदा, लाज सोडून. काही घरांना संध्याकाळी उद्योगच नसतो, असं म्हणत तो एक मजला चढला. हसणं आणखी वरून येत होतं. तो आणखी चढला. जिना संपला, आणि हसणं त्याच्याच दाराआड होतं.

“डोकं वापर जरा, डोकं,” आत कोणीतरी म्हणालं. त्याचाच सूर, त्याचंच नाकातून बोलणं. ती त्याची मुलगी होती. मग पुन्हा हशा उसळला, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने त्याची आई हसत होती. आईला असं हसता येतं हे त्याला माहीत नव्हतं.

“पुरे गं, पोट दुखायला लागलं,” आई म्हणाली. “सूनबाई, तू ते पाइप बसवून घेतलेस, तेव्हापासून संध्याकाळी जरा मोकळा श्वास तरी घेता येतो.”

“मी कुठे बसवले, आई?” बायको म्हणाली. “मी तर पुलीच म्हणत होते.”

या वेळचं हसणं लवकर थांबेना. त्याने बेल दाबली.

आत एकदम शांत झालं. ती शांतता त्याच्या ओळखीची होती. त्याने कॉलर सारखी केली, आठी जागेवर आणली, पाण्याच्या ग्लासाची वाट बघत उभा राहिला.

“उघडते गं सावकाश,” आतून मुलगी म्हणाली. “कोणी का असेना, बाबा तर नक्की नाहीत.”