घड्याळाची साक्ष

"आमचे संचालक श्री. ओउयांग मॅरेथॉनसाठी रोज पहाटे तलावाला फेरी घालतात, त्यांचे घड्याळ याची साक्ष देईल," असे चीनमधल्या श्यामेन शहरातील एका कारखान्याने कामगारांपुढे आदर्श म्हणून छापले होते.

या विधानातले घड्याळ तेवढे खरे होते. शेंगदाण्याचे गोड सूप विकणारी दुकाने उघडण्याआधीच ते तलावाभोवती धावू लागे, पण भांडारातील कारकून च्वो याच्या मनगटावर. च्वो त्याच मॅरेथॉनची तयारी करत होता. संचालक तेव्हा गाढ झोपेत असत आणि धावेची नोंद त्यांच्या फोनवर आपोआप उमटत असे.

"अरे च्वो, जरा दमानं! काल इतकं जोरात पळवलंस मला, की बायकोला संशय आलाय."

"साहेब, तुमच्या पोटाच्या बेतानं पळायचं तर मला चालावंच लागेल!"

स्पर्धा तोंडावर आली असताना च्वो तलावाकाठी कोसळला, तो उठलाच नाही. घड्याळाने हृदयाचे ठोके बिघडल्याचे इशारे संचालकांच्या फोनवर वारंवार पाठवले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. ते तुम्ही वाचले नाहीत का, असे च्वोच्या पत्नीने विचारले.

संचालकांचे उत्तर शब्दशः असे:


"वाचले ना, वहिनी. लगेच मोठ्या इस्पितळात जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. माझं हृदय अगदी ठणठणीत निघालं."