अर्धी भाकरी

सातव्या महिन्यातही ताटात अर्धीच भाकरी पडली, तेव्हा वैजयंता फणकारली. "आत्या, घरात दुष्काळ पडलाय का?"

सासूनं टोपलीवर फडकं ओढलं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट तपासलं. "बाळ फारच बारीक आहे. पोटभर खात नाहीस का गं?"

वैजयंतानं रागानं सासूकडे पाहिलं. सासूनं तर हात जोडले होते.

"बारीक आहे ना? देव पावला. आमच्या लेकीचं मूल मोठं होतं. बाळंतपणात अडली, दोघंही गेली. मीच तिला तूप-भात भरवायची."

"असं उपाशी ठेवलंत, तर हीसुद्धा जाईल," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी ताटात अख्खी भाकरी आली. वाढताना सासूनं दोनदा हात मागे घेतला. वैजयंतानं घास मोडला, पण नणंदेचा तूप-भात आठवला आणि आता तिनंच तो परत ताटात ठेवला.