रविवारची कटिंग

घटस्फोट झाला होता, पण लेकीच्या ताब्याचा निकाल लागायचा होता. तोवर ती आईकडे, आणि रविवारी न्हावी बापाच्या दुकानात.

पहिल्या रविवारी ती दोन घट्ट वेण्या घालून आली. "तेल थापून पाठवलीय मुद्दाम, मला चिडवायला," म्हणत बापाने खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, लेकीला बसवलं आणि केस खांद्यापर्यंत आणले.

पुढच्या रविवारी केस कानापर्यंत आलेले. सोबत आईची चिठ्ठी: 'वाकडे कापले होते. पार्लरमधून नीट करून घेतले.'

बापाने दातओठ खात पुन्हा कात्री उचलली. महिनाभर हेच चाललं. बाप कापी, आई सुधारी, माघार कुणीच घेईना.

पाचव्या रविवारी बाप गिऱ्हाईकाशी बोलायला बाहेर गेला आणि मागे मशीन सुरू झालं. बोलणं आटोपून तो परत आला तोवर फळीवर बसलेल्या लेकीने स्वतःचं अख्खं डोकं भादरलं होतं.

"अगं, काय केलंस हे? तुझी आई कोर्टात माझंच नाव घेईल."



मशीन बंद करून लेक आरशातूनच म्हणाली, "वाढेपर्यंत तरी दोघं गप्प बसा."